पाच स्टार दिसले म्हणून भुलू नका

नागझिऱ्याजवळ होमस्टे किंवा गोंदियात छोटं हॉटेल काढायचंय? मग आधी रिव्ह्यू वाचायला शिका.

२०१७ मध्ये लंडनच्या एका पत्रकाराने आपल्या बागेतली शेड रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर टाकली आणि ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले. नसलेलं हॉटेल लंडनमध्ये पहिल्या नंबरवर पोचलं! आपल्याकडे बीआयएसने २०२२ मध्ये रिव्ह्यूसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, पण ऐच्छिक म्हणून. त्यामुळे पारख आपणच करायची.

पहिलं, किती जणांनी लिहिलंय ते बघा. दहा जणांनी ५ दिले आणि अकराव्याने १, तर साधी सरासरी थेट ४.६ वर येते. शंभर जणांनी ५ दिले असतील, तर त्याच एका १ ने फारसा फरक पडत नाही.

दुसरं, मजकूर वाचा. ‘वाघ दिसला नाही’ म्हणून १ स्टार दिला, तर तो जंगलाचा विषय. ‘चादर मळकी, गरम पाणी नाही’ असं तिघांनी लिहिलं, तर ते खरं धरा.

आणि रिव्ह्यू विकत घेऊ नका. खोट्या स्टारवर गिऱ्हाईक एकदाच येतं. दुसऱ्यांदा येतं ते जेवणावर आणि वागणुकीवर. बिल देताना एवढंच म्हणा, ‘जसं वाटलं तसंच लिहा.’