ऐनाला सुपर कोण घालतो?



गेल्या वैशाखात घरच्या कामानिमित्त आमचे कर्जत-खालापूरकडे जाणे झाले. तेथल्या डोंगरउतारावरील एका ठाकूरवाडीत दुपारभर थांबलो. भातरोपाच्या वाफ्यावर ऐनाचे वाळलेले टहाळे पसरून राब भाजणे चालू होते. वर मुरमाड उतार, माती जेमतेम वीतभर, तरी ऐन-साग ताठ उभे! आम्ही एका म्हाताऱ्याला सहज विचारले, "बाबा, या झाडांना खत कोण घालतं?" तो हसून म्हणाला, "झाडाला कोन घालील खत? त्याचाच पाला त्याच्या पायाशी कुजतो."

बोलणे साधे, पण त्यात मोठे शास्त्र आहे. नत्र पाण्याबरोबर मुळाशी येते. स्फुरद मात्र जागचा फारसा हलत नाही. तांबड्या मातीत लोह व अ‍ॅल्युमिनियम त्याला धरून बसतात, तर आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात कॅल्शियम. मग झाड काय करते? मुळांतून सौम्य आम्ल सोडून अडकलेला स्फुरद सोडवते, आणि विकरांच्या जोरावर कुजत्या पाल्यातला मोकळा करते. पान गळण्यापूर्वी त्यातला बराचसा स्फुरद काढून घेते तो वेगळाच.

शिवाय मुळांना एक जोडीदार असतो, बुरशी. या जोडीला जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली 'मायकोरायझा' नाव दिले. जेथे मूळ पोचत नाही तेथे बुरशीचे केसाहून बारीक धागे जातात आणि स्फुरद आणून देतात. मोबदला काय, तर साखर! म्हणजे हाही सहकारच. अशी बुरशी उसाच्या मुळांवरही असते.

आता आपल्या रानाकडे पाहू. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो, बाकीचा मातीत अडकतो. कबूल करतो, वर्षानुवर्षे आम्हीही सुपरची पोती मोजली, ती कुठे पडतात ते पाहिले नाही. वरून फोकलेले सुपर मुळांपर्यंत पोचत नाही, पैसे मात्र जातात.

म्हणून माती तपासूनच मात्रा ठरवा. स्फुरदाचा अतिरेक झाला की ही बुरशीही मागे हटते. सुपर चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा प्रेसमडमध्ये मिसळून सरीत, मातीआड द्या. भरणीचा हप्ताही मातीआडच. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची बेणेप्रक्रिया चुकवू नका.

आणि पाचट पेटवू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. जाळल्यावर स्फुरद राखेत बराचसा उरतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातात. कोणी म्हणेल, ठाकूरही राब भाजतातच की! भाजतात, पण रोपाच्या वाफ्यापुरता. सगळे रान नव्हे.

यंदा खोडव्यात एक एकर तरी पाचट ठेवून पाहा. आम्ही बांधावर येऊ, मुळे उकरून दोघे मिळून पाहू.