वीज गेल्याची वर्दी

गेल्या आषाढांतील एका रात्रीं आमच्या घरची वीज गेली आणि तें आम्हां नऊ माणसांपैकीं कोणासहि कळलें नाहीं. दिवे मालवलेले होते. गारठ्यामुळें पंखेहि बंद. मात्र खालच्या खोलींत आमचे वडील बंधु, दादा, हवेंतून प्राणवायु वेगळा काढून देणाऱ्या यंत्राच्या आधारानें निजले होते. तें यंत्र थांबलें. त्याला स्वतःची घंटा होती. पण तिची बॅटरी केव्हांच निकामी झाली होती, व ती तपासण्याचें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. नेहमींची घरघर ऐकूं येईना म्हणून वहिनींस जाग आली. कोपऱ्यांतील प्राणवायूचा सिलिंडर जोडला, तेव्हां दादांचीं नखें निळसर झालीं होतीं.

भाट्ट मीमांसकांनीं व अद्वैत वेदान्त्यांनीं अभावाचें ज्ञान करून देणारें अनुपलब्धि नांवाचें स्वतंत्र प्रमाण मानिलें आहे. परंतु निजलेल्या माणसास तें काय उपयोगी? वीज आहे हें दिवा सांगतो. ती नाहीं हें सांगणारें कांहीं तरी हवें, आणि तें त्याच विजेवर अवलंबून नसावें.

आमच्या नातवानें व आम्हीं मिळून तें तयार केलें. साहित्य थोडें: 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, तितक्याच व्होल्टचा रिले, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तीवर वाजणारा बझर. रिले म्हणजे चुंबकानें चालणारी कळ. आंत बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून प्रवाह वाहूं लागला कीं लोखंडी गाभा चुंबक होऊन एक पट्टी ओढून धरतो. प्रवाह थांबला कीं स्प्रिंग तिला मागें नेते. एकोणिसाव्या शतकांतील तारायंत्रांतहि हीच युक्ति होती. पट्टीला आळीपाळीनें लागणारीं दोन टोंकें असतात. आपलें काम पट्टी मागें गेली असतां लागणाऱ्या टोंकाशीं. अ‍ॅडॅप्टरच्या दोन्ही तारा वेटोळ्यास जोडाव्या. बॅटरीचें धन टोंक पट्टीस, पट्टीचें तें टोंक बझरच्या तांबड्या तारेस, आणि काळी तार बॅटरीच्या ऋण टोंकास. वीज असेपर्यंत मंडल तुटलेलें राहतें व बॅटरी मुळींच खर्च होत नाहीं. वीज गेली कीं क्षणभरांत मंडल जुळतें. 230 व्होल्टच्या तारेला हात लावण्याचा प्रसंगच येत नाहीं. तें जोखीम बंद अ‍ॅडॅप्टरच्या पोटांत राहतें.

चुका मात्र आम्हीं दोन केल्या. प्रथम अ‍ॅडॅप्टर दिवाणखान्यांत लावला. पुढें एकदां केवळ दादांच्या खोलीचीच वीज तुटली, व आमचें यंत्र स्वस्थ बसलें! आतां तें दादांच्या यंत्राच्याच बोर्डावर असतें. बझर तेवढा लांब तारेनें जिन्यावरून आमच्या उशाशीं आणला आहे. दुसरी चूक म्हणजे आवाज थांबविण्याची कळ. लहानग्यांनीं ती बंद केली आणि तशीच राहिली. ती कळ आम्हीं काढूनच टाकली. बझर वाजतो तो वाजूं द्यावा. माणसें उठण्यासाठींच तो आहे.

बॅटरीची परीक्षा दर एकादशीस होते. दिवसा, यंत्राची गरज नसतांना, दादा स्वतः अ‍ॅडॅप्टर उपसतात आणि आम्ही माडीवरून खालीं येईपर्यंत मोठ्यानें अंक मोजतात. गेल्या एकादशीस आम्ही एकोणिसाव्या अंकास पोंचलों. दादांनीं मान हलविली व म्हणाले, “यंत्र ठीक आहे. तूं गुडघ्यांना तेल लाव.”