डायलिसिस आणि सिस्टरचं काम

माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, बाबांच्या हातात मधमाशी गुणगुणल्यासारखं काय होतं?" तिचे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. या प्रश्नाच्या उत्तरातच डायलिसिसच्या सिस्टरचं निम्मं काम येतं.

आपले मूत्रपिंड म्हणजे किडनी रक्तातील टाकाऊ पदार्थ आणि जास्तीचे पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. दोन्ही किडन्या निकामी झाल्या की हे काम यंत्राकडून करून घ्यावे लागते. रक्त नळीतून बाहेर येते, बारीक पोकळ तंतूंच्या गाळणीतून जाते आणि परत शरीरात जाते. एका वेळी साधारण चार तास लागतात.

यासाठी मिनिटाला 200 ते 300 मिली रक्त लागते. हाताच्या साध्या शिरेतून एवढं येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करून हातातील धमनी आणि शीर जोडतात. याला फिस्टुला म्हणतात. 1966 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरतं, त्यामुळे शीर हळूहळू जाड होते आणि तिथे बोट ठेवलं की थरथर लागते. तीच ती मधमाशी!

सुई टोचण्याआधी सिस्टर दरवेळी ही थरथर बोटांनी पाहतात, स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात. थरथर थांबली तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, मग डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं. सुया दोन आणि चांगल्या जाड असतात. त्याच त्या जागी टोचत राहिलं तर तिथली शीर कमजोर होऊन फुगते, म्हणून जागा बदलत राहायची. आपल्याकडे बऱ्याच सेंटरमध्ये सुई लावण्याचं काम टेक्निशियनही करतात.

दुसरं काम वजनाचं. अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असायला हवं, त्याला कोरडं वजन म्हणतात. ते 58 किलो आणि आज काटा 60.5 दाखवतो, म्हणजे अडीच लिटर पाणी काढायचं. आपल्या पोरांनाही जमेल अशी वजाबाकी! पण मधल्या काळात रुग्णाचं जेवण तुटून तो खरंच बारीक झाला असेल तर 58 हा आकडाच चुकीचा ठरतो. पायावरची सूज, धाप, चेहरा हे सगळं पाहून हे ओळखावं लागतं. नेहमीची सिस्टर ते ओळखते आणि डॉक्टरांच्या कानावर घालते.

पाणी भराभर निघालं की बीपी पडतो, पायात गोळे येतात. गप्पा मारणारा माणूस एकदम गप्प झाला, जांभया देऊ लागला, घाम आला, की अनुभवी सिस्टर यंत्राने पुढचं बीपी दाखवायची वाट पाहत नाही. पाणी ओढणं थांबवते, डोकं खाली, पाय वर करते, गरज पडल्यास सलाईन देते.

घरचं शिकवणंही तिच्याकडेच. फिस्टुलाच्या हातावर बीपी घ्यायचा नाही, त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, जड पिशवी उचलायची नाही. आजाऱ्याला आपण प्रेमाने शहाळं नेतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी बंद असताना ते हृदयाला धोक्याचं. हे मलाही माहीत नव्हतं.

त्या मुलीला तिथल्या सिस्टरने थरथर कशी पाहायची ते शिकवलंय. आता रोज शाळेत येण्याआधी ती बाबांच्या मनगटाजवळ बोट ठेवते. लागली नाही तर लगेच सेंटरला फोन करायचा, हे तिला पाठ आहे.