ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी तारांचे जोड पाहा

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की, शेतकऱ्याच्या दृष्टीने एकेका दिवसाला मोल येते. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसती ‘टिक्’ ऐकू यावी, हा अनुभव खेडोपाडी नवा नाही. बॅटरी गेली, असा निष्कर्ष तेथल्या तेथे काढला जातो. नवी बॅटरी उधारीवर येते आणि काही दिवसांतच पुन्हा तोच आवाज ऐकू येतो. अशा अनेक प्रसंगी दोष बॅटरीत नसतो. तो तिला जोडलेल्या तारेच्या सैल टोकात असतो.

याचे कारण सोप्या गणितात आहे. इंजिन फिरविताना स्टार्टर २०० अँपिअरच्या आसपास वीजप्रवाह ओढतो. जोडामध्ये एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा रोध निर्माण झाला, तरी एवढ्या प्रवाहाला तेथेच २ व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे ४०० वॉट उष्णता त्या इवल्याशा जागेत उत्पन्न होते. १२ व्होल्टच्या बॅटरीला ही घट परवडणारी नाही. दिव्यांना मात्र थोडाच प्रवाह पुरतो. म्हणून ‘दिवे लागतात, त्या अर्थी तारा ठीक आहेत’ हा समज फसवा ठरतो. ओहमचा नियम शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

डिझेल इंजिनाची सततची थरथर, धूळ, चिखल आणि बॅटरीतील आम्लाची वाफ यांमुळे जोड ढिले होतात व गंजतात. गोठ्यालगत उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीरही कुरतडतात.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. किल्ली बंद करून प्रथम ऋण टोकाची तार काढावी व जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. बहुतेक ट्रॅक्टरांत ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. क्रम उलटा झाला आणि धन टोकावरील पाना सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने विडी, काडी जवळ आणूच नये. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवट थर कोमट पाण्यात विरघळविलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. त्यानंतर पॉलिश पेपरने धातू उजळ करून, जोड घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी.

येथे बहुतेकांचे काम संपते, पण सर्वाधिक उपेक्षित जोड पुढेच असतो. ऋण तार ज्या बोल्टने सांगाड्याला बांधलेली असते, त्याच्याखाली रंग व गंज साचतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून धरून एकाने क्षणभर स्टार्टर फिरवावा. दुसऱ्याने व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर दोष याच वाटेवर आहे.

घाईत दोन अनिष्ट उपाय सर्रास केले जातात. एक, वितळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे. यामुळे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंगच जळते. दुसरा अधिक घातक आहे. अनेक ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय अथवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. त्यासाठी बसविलेल्या स्विचची तार सैल झाली की, तो टाळून तारा थेट जोडल्या जातात किंवा जमिनीवर उभे राहून पेचकसाने स्टार्टरची टोके जुळविली जातात. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर तत्क्षणी पुढे सरकतो आणि मोठे चाक उभ्या माणसाच्या अंगावर येते. स्विचची सैल तार घट्ट करण्यास याहून फारसा वेळ लागत नाही.

ट्रॉलीचा प्रश्न निराळा आहे. मागे तांबडे दिवे असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये आवश्यक आहे. परंतु ऊस वाहतुकीच्या हंगामात मिणमिणत्या दिव्यांच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर दिसतात. ट्रॉलीच्या दिव्यांचा परतीचा प्रवाह पुष्कळदा केवळ जोडखिळीतून जातो, आणि त्या खिळीवर वंगण व माती असते. यासाठी ट्रॉलीच्या सांगाड्यापासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची तार टाकावी. तपासताना एकाने मागे उभे राहावे व चालकाने ब्रेक दाबावा. ब्रेक दाबताच मागचे इतर दिवे मंदावले, तर ही तार तुटली किंवा ढिली झाली आहे असे समजावे.