आधी सही, मग पैसे

१९९१ साली ब्रिटिश सरकारने देशातल्या हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांपुढे एक कागद ठेवला. उपचारातून एचआयव्हीची लागण झालेल्यांना एकरकमी पैसे मिळणार होते. अट एकच: पुन्हा कोर्टाची पायरी चढायची नाही. एचआयव्हीसाठी नाही, हिपॅटायटिससाठीही नाही. यांतल्या अनेकांच्या रक्तात हिपॅटायटिस सी होताच, पण त्यांना ते कोणी सांगितलेलं नव्हतं. सह्या झाल्या. त्याच वर्षी फ्रान्सने अशा रुग्णांच्या भरपाईसाठी कायदा करून निधी उभारला.

घडलं होतं ते असं. रक्त गोठवणारा फॅक्टर आठ हा घटक सत्तरच्या दशकात पावडरीच्या रूपात मिळू लागला आणि रुग्ण घरीच इंजेक्शन घेऊ लागले. मात्र एका खेपेसाठी हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जाई. अमेरिकेहून येणाऱ्या मालाच्या दात्यांत पैशांसाठी प्लाझ्मा देणारे होते, तुरुंगातले कैदीही होते. एका नासक्या आंब्याने अख्खी आढी जावी, तसं एका बाधित दात्यामुळे सगळी खेप दूषित होई. बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत रक्त चढवलेलेही यातून सुटले नाहीत. एकूण तीस हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे तीन हजार दगावले. हॅम्पशायरमधल्या ट्रेलोर शाळेत १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाची १२२ मुलं शिकली. त्यांतली जेमतेम तीस हयात आहेत.

मदत दिलीच नाही, असं सरकारला कोणी म्हणू शकणार नाही. १९८८ मध्ये एक कोटी पौंडांचा मॅकफार्लेन ट्रस्ट आला, २००४ मध्ये स्किप्टन फंड. पण हे सारं दोष कबूल न करता, दान म्हणून. ट्रस्टकडे मदत मागायची तर घरची मिळकत उघडी करावी लागे. स्किप्टनचे हिपॅटायटिस सीसाठी वीस हजार पौंड, यकृत पार कामातून गेलं की आणखी पंचवीस हजार. २९ ऑगस्ट २००३ पूर्वी गेलेल्यांच्या वारसांना मात्र सुरुवातीला काहीच नाही. मरणालाही कट-ऑफ तारीख! शिवाय पुरावा हवा, आणि कित्येकांची जुनी कागदपत्रं इस्पितळांत उरलीच नव्हती.

या सगळ्या प्रकरणाच्या सर ब्रायन लँगस्टाफ यांनी केलेल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. हे संकट बव्हंशी टाळता आलं असतं आणि सत्य दडपलं गेलं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी माफी मागितली. भरपाईसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं आणि ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात ११.८ अब्ज पौंड बाजूला काढले गेले. आता आजाराबरोबरच बुडालेलं उत्पन्न, सामाजिक बहिष्कार, संमतीशिवाय झालेल्या चाचण्या यांचाही हिशोब होतो. रुग्णांचे जोडीदार, आईवडील, मुलं यांनाही हक्क मिळाला.

तरीही अर्ज आपणहून करायची सोय नव्हती. प्राधिकरणाच्या बोलावण्याची वाट पाहायची. म्हणून जुलै २०२५ मध्ये लँगस्टाफना आणखी एक अहवाल द्यावा लागला: पीडितांना स्वतःहून दावा दाखल करू द्या आणि जे सर्वांत आजारी आहेत त्यांना आधी घ्या.