शिरोडकरांचा टाका

आपल्या आजीच्या पिढीतील बायकांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून ऐकू येई : ‘तिचे काही टिकत नाही.’ दिवस राहायचे, चौथा-पाचवा महिना लागायचा आणि फारशा कळा न येताच पोट पडायचे. एकदा, दोनदा, कधी चारदाही. मग नवससायास, गंडेदोरे आणि घरात दुसऱ्या लग्नाची कुजबूज. दोष बाईच्या नशिबाचा, असे सारेच धरून चालत.

हा दोष नशिबाचा नसून काही स्त्रियांच्या बाबतीत तो गर्भाशयाच्या मुखाचा असतो, हे ओळखून त्यावर शस्त्रक्रिया शोधणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आपल्यापासून फार दूरचे नव्हेत. नवी मुंबईतून हार्बर मार्गाच्या गाडीने निघून सँडहर्स्ट रोडला उतरले, की जे. जे. रुग्णालय पायी गाठता येते. तेथील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापनही केले.

त्यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा गावचा. शालेय शिक्षण हुबळीस झाले. मुंबईस येऊन १९२३ साली ते एम.बी.बी.एस. झाले, १९२७ मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. झाले आणि १९३१ मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस. ही पदवी घेऊन परतले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गर्भाशय म्हणजे उलटा धरलेला बटवा समजा. त्याचे तोंड खाली असते आणि नऊ महिने ते घट्ट मिटलेले राहावे लागते. काही स्त्रियांत हे तोंड दुबळे असते. गर्भ वाढला, भार आला, की ते हळूहळू उघडते. पाण्याची पिशवी खाली उतरते आणि पूर्ण निरोगी गर्भही हातचा जातो. डॉ. शिरोडकरांचा उपाय ऐकायला साधा वाटतो : बटव्याची नाडी आवळायची. प्रत्यक्षात मात्र काम नाजूक. मूत्राशय अलगद वर सारून, गर्भाशयमुखाच्या आतल्या टोकाशी वेढा घालावा लागतो. त्यासाठी त्यांनी रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी वापरली. ही पद्धत त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅक्डोनाल्ड यांनी तिच्याहून सोपा टाका मांडला. आज या दोन्ही पद्धती जगभर वापरात आहेत. मांडीतील पट्टीऐवजी आता न विरघळणारी फीत किंवा धागा वापरतात. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घालतात आणि नववा महिना लागल्यावर काढतात.

मग हा टाका प्रत्येक गर्भपातावरचा रामबाण उपाय आहे काय? नाही. गर्भपाताची कारणे अनेक. मुखाचा दुबळेपणा हे त्यांतले एक. १९९३ साली १,२९२ स्त्रियांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉक्टरांना टाका घालावा की नाही याची शंका होती, अशा या स्त्रिया. त्यांपैकी सुमारे पंचवीसांत एकीलाच टाक्याचा निश्चित लाभ झाला, असे दिसले. म्हणजे ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना निवडणे, हे टाका घालण्याइतकेच महत्त्वाचे. आज सोनोग्राफीने मुखाची लांबी मोजता येत असल्याने ही निवड पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. एका संशोधकाने दार उघडावे आणि पुढच्यांनी ते कुठवर नेते हे तपासावे, हीच शास्त्राची रीत.

डॉ. शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण व १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच १९७१ साली ते निवर्तले. गोव्यातील एका गावाचे नाव आज देशोदेशींच्या प्रसूतिगृहांत उच्चारले जाते, ते त्यांच्या आडनावामुळे.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. शस्त्रक्रियेशी आपला संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. ‘तिचे काही टिकत नाही’ हे वाक्य अजूनही अधूनमधून कानी पडते. ते ऐकल्यावर मान हलवून गप्प बसायचे, की ‘तिला डॉक्टरांना दाखवले का?’ असे विचारायचे, एवढे तरी आपल्या हाती आहे.