ज्वारीचा कस कशावर ठरतो?

माढा तालुक्यात ज्वारीची पारख दाण्याच्या मोत्यासारख्या पाण्यावरून आणि भाकरीच्या पांढरेपणावरून होते. शेजारच्या मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ या कसोट्यांना उतरली, म्हणूनच ती पिढ्यान् पिढ्या टिकली. रब्बीचा दाणा कोरड्या हवेत पिकतो. खरिपाचा दाणा पावसात सापडला, की त्यावर बुरशी चढते. रब्बीच्या ज्वारीचे हे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. तथापि दाण्याचे तेज म्हणजे पोषण नव्हे.

ज्वारीत प्रथिने सुमारे १० टक्के असतात. परंतु हा आकडा वाणागणिक, रानागणिक बदलतो. हलक्या रानात ओल लवकर सरली, तर दाण्यात पिष्ट कमी भरते आणि प्रथिनांचा टक्का वाढलेला दिसतो. वस्तुतः ती समृद्धी नसून पिष्टाची तूट असते. नत्रखतानेही प्रथिने वाढतात; पण वाढते ते मुख्यतः काफिरिन, आणि त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल अत्यल्प असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह व जस्त असूनही मुळांना ती सहजी मिळत नाहीत.

हे भेद केवळ प्रयोगशाळेपुरते नाहीत. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळे. ज्वारीतील ल्यूसिनच्या आधिक्याशी त्याचा संबंध डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे १९६० च्या सुमारास मांडला. त्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. परंतु एकाच धान्यावर विसंबणाऱ्या ताटाचा धोका मात्र स्पष्ट झाला. ज्वारीच्या रानातला हरभरा, करडई ताटात आली, तर उणीव बरीच भरून निघते. डाळीतील लायसिन भाकरीला पूरक ठरते.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ने लोह आणि जस्त हेही निवडीचे निकष होऊ शकतात, हे दाखवून दिले. मग रब्बीच्या प्रत्येक नव्या वाणाची तपासणी एकरी उताऱ्यापाशीच का थांबावी? हलक्या, मध्यम आणि भारी अशा तिन्ही जमिनींत त्याच्या दाण्याचे पृथक्करण व्हावे आणि ते आकडे शेतकऱ्याच्या हाती पडावेत. बाजार दाण्याचे तेज मोजत राहील. पोषण मोजण्याची जबाबदारी मात्र संशोधन संस्थांनीच उचलली पाहिजे.